पाच महिन्यांची बॉर्डर कॉली आणि सात शेळ्या: आधी काय शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: भोर तालुक्यात दोन एकर जमीन, सात शेळ्या, वीसेक गावठी कोंबड्या, सहा वर्षांचा मुलगा आणि पाच महिन्यांची बॉर्डर कॉली, चिंगी. ती कोंबड्यांना कुंपणाच्या कोपऱ्यात कोंडून धरते, मुलगा पळाला की त्याच्या टाचांना चावते, गोठ्याची कडी नाकाने उचलून दार उघडते. रोज तासभर चेंडू फेकूनही दमत नाही. शेजारी म्हणतात, साखळीला बांधा, आपोआप वळणावर येईल. आणि तुम्हाला विचारायचं आहे की तिला शेळ्या वळायला, म्हणजे गोळा करून हाकायला, कधी शिकवायचं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अजून निदान पाच महिने नाही. तोपर्यंत तिला शिकवायची मुख्य गोष्ट एकच: थांबणं. वळणं तिच्या रक्तात असेल तर ते येईलच, ते तुम्ही शिकवणार नाही आहात. थांबणं मात्र तिच्या रक्तात फारसं नाही, आणि ते कोणीतरी शिकवावंच लागतं.

हुशार कुत्रं घेतलं की लोकांना वाटतं, शिकवण्याचा त्रास कमी होईल. होतं उलटं. साधं गावठी कुत्रं एखादी गोष्ट पंचवीस वेळा पाहून शिकतं, त्यामुळे आपल्या चुका त्याच्या लक्षात येईपर्यंत आपल्याला त्या सुधारायला वेळ मिळतो. बॉर्डर कॉली दोनतीनदा पाहिलं की शिकली. आणि यातला धडा कोणता आणि योगायोग कोणता, हे ती विचारत बसत नाही. कडी कशी उचलायची हे चिंगीला कोणी शिकवलं? तुम्हीच, रोज सकाळी, तिच्या डोळ्यांदेखत. मुलगा ओरडत पळतो आणि टाच धरली की आणखी जोरात ओरडतो, हेही ती शिकली. मोबाइलवर दिसणारे हुशार कुत्र्यांचे चमत्कार फसवे नसतात, पण त्यामागचे तास दिसत नाहीत. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या चेसर या बॉर्डर कॉलीला १,०२२ वस्तूंची नावं शिकवली. त्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. त्यासाठी ते तिच्याबरोबर रोज चार-पाच तास बसत होते, तीन वर्षं. चेसरची हुशारी खरीच, पण मला त्यात म्हाताऱ्या प्राध्यापकांची चिकाटी जास्त दिसते.

ही जात कुठून आली ते थोडं सांगतो, कारण चिंगीच्या निम्म्या खोड्यांचा उलगडा तिथेच होतो. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या उघड्या डोंगरांवर मेंढ्या मोकळ्या चरतात. एका मेंढपाळाने तिथे शेकडो मेंढ्या गोळा करायच्या म्हणजे पायांनी होणारं काम नाही. नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅडम टेल्फर या शेतकऱ्याकडे १८९३ मध्ये 'ओल्ड हेम्प' नावाचा कुत्रा जन्मला. आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ मागे नेली की ती बहुतेक त्याच्यापाशी पोचते. त्याचा बाप रॉय मोकळ्या, शांत स्वभावाचा, पण नजरेचा, म्हणजे मेंढ्यांवर डोळे रोखून त्यांना हलवण्याचा, जोर कमी. आई मेग लाजरी, आणि नजर इतकी तीव्र की मेंढी दिसली की बाकी जग विसरायची. हेम्पमध्ये या दोन टोकांचा मेळ बसला. तो न भुंकता, न चावता, अंतर राखून काम करायचा आणि मेंढ्या न बिचकता निमूट चालायच्या. त्याच्यामागे लोक धावले ते या शांतपणासाठी. वेग तर तेव्हाच्या इतर कुत्र्यांकडेही होता.

मेळ बसला म्हणजे दोन्ही टोकं संपली असं नाही. दर वेतात कोणी रॉयवर जातं, कोणी मेगवर. चिंगी कोंबड्यांसमोर मान खाली घालून, एक पाय हवेत धरून पुतळ्यासारखी उभी राहते असं तुम्ही लिहिलंय. ती मेगच्या बाजूची असावी. अशा कुत्र्याला आणखी चेतवायचं नसतं, त्याला निवायला शिकवायचं असतं.

मेंढ्या वळणं म्हणजे खरं तर अर्धी शिकार. लांडगा आधी हेरतो, नजर रोखतो, दबकत सरकतो, पाठलाग करतो, धरतो आणि मारतो. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून यातले पहिले चार टप्पे तीव्र केले आणि शेवटचे दोन बोथट केले. बोथट केले, पुसले नाहीत. पाच महिन्यांच्या पिल्लात तर या टप्प्यांमधल्या भिंती फार कच्च्या असतात. फडफडणारी कोंबडी तोंडाजवळ आली की नजरेवरून पकडीवर जायला क्षण पुरतो. आणि यातला प्रत्येक टप्पा तिला स्वतःलाच सुख देतो, तुम्ही बिस्किट द्या अगर न द्या. म्हणून 'कोंबड्यांना त्रास देऊ नको' असं ओरडून काही होत नाही. तिला तिचं बक्षीस आधीच मिळालेलं असतं.

आता चेंडू. तो आजपासून बंद करा, निदान वर्षभर. तासभर चेंडू फेकल्याने ती दमत नाही, कारण तुम्ही रोज तिची ताकद वाढवताय. शरीर मजबूत होतंय आणि डोकं आणखी तापतंय. पाठलाग, पकड, पुन्हा पाठलाग: वर लिहिलेल्या साखळीतला हाच भाग आपल्याला नको आहे आणि त्याचीच रोज तासभर उजळणी चालू आहे. शिवाय या वयात हाडांची वाढीची टोकं भरलेली नसतात. झटकन वळणं, उड्या मारून पकडणं, याचा भार कच्च्या सांध्यांवर येतो. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हे टाळलेलंच बरं. तिसरं कारण फार कमी लोकांना ठाऊक असतं. काही बॉर्डर कॉलींना दहा-पंधरा मिनिटांच्या जोरदार पळापळीनंतर झटका आल्यासारखं होतं: मागचे पाय ओढतात, चाल लडखडते, बघणं भांबावलेलं होतं. बहुतेक कुत्री अर्ध्या तासात सावरतात, पण गरम हवेत धोका वाढतो. तुमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. असं कधी दिसलं तर लगेच थांबवून सावलीत न्या, पोटाला आणि पंजांना साधं पाणी लावा आणि डॉक्टरांना कळवा.

मग तिची ताकद जिरणार कुठे? आधी झोपेत. या वयाच्या पिल्लाला दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते आणि बॉर्डर कॉली ती स्वतःहून घेत नाही. काही हललं की ती उठते, आणि शेतावर सतत काही ना काही हलत असतं. संध्याकाळी सहा-सातला जो तिचा वेडेपणा चालतो, तो बहुतेक वेळा उरलेल्या ताकदीचा नसतो, झोपमोडीचा असतो. घरात एक अंधारा, गार कोपरा करा, पिंजरा किंवा आडवी फळी लावून, आणि सकाळी न्याहरीनंतर आणि दुपारी प्रत्येकी दोन तास तिला तिथे ठेवा. पहिले चार दिवस कुरकुरेल. ती कुरकुरत असताना दार उघडलंत तर कुरकुरण्याने दार उघडतं हे ती एका दिवसात शिकेल.

जागेपणी नाकाचं काम द्या. सकाळचं दाणेदार खाणं वाडग्यात न देता अंगणातल्या गवतात फेका, ती पाऊण तास एकेक दाणा शोधत बसेल. बांधाबांधाने दोर सैल सोडून, तिच्या गतीने, वास घेत फिरवून आणा. वीस मिनिटं वास घेतलेलं पिल्लू तासभर पळालेल्या पिल्लापेक्षा शांत झोपतं.

आणि गोणपाट. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पिल्लाची पहिली शिकवण हीच असते. खताच्या रिकाम्या गोणीचा नको, त्यात विष राहतं. धान्याच्या पोत्याचा तुकडा घ्या. तो जमिनीवर टाका. तिने त्यावर पाय ठेवला की दोन पंजांमध्ये एक दाणा ठेवा. हातातून भरवू नका, खालीच ठेवा, म्हणजे मान खाली जाते आणि ती आपोआप बसते, मग पसरते. पसरली की आणखी दोन दाणे, सावकाश, एकामागून एक. 'पुरे' म्हणून तिला उठवा. दोन-तीन दिवसांत गोणपाट टाकला की ती धावत येऊन त्यावर पडेल. मग दोन दाण्यांमधलं अंतर वाढवत न्या. पुढच्या आठवड्यात तुम्ही भांडी घासताना, नंतर मुलगा अंगणात चालताना, नंतर तो धावताना, शेवटी शेळ्या समोरून जाताना. गोणपाट सुटसुटीत असतो, कुठेही नेता येतो. शेळ्यांना चारा टाकताना तो गोठ्याच्या दाराबाहेर टाकलात की चिंगीची जागा ठरली. पुढे शेळ्यांच्या मागे असताना तुम्ही 'पड' म्हणाल तेव्हा ती जिथे असेल तिथेच पडेल, त्याची मुळं या गोणपाटात असतात.

कोंबड्यांच्या बाबतीत पहिला उपाय जाळी. शिकवणूक नंतर. तुमचं लक्ष नसताना चिंगी आणि कोंबड्या एकाच मोकळ्या जागेत नकोत, पाच मिनिटंही नकोत. दिवसा तिच्या पट्ट्याला आठ-दहा मीटर हलका दोर अडकवून तो मागे फरफटू द्या, म्हणजे धावून पकडायची वेळ आली तर तिला न पकडता दोरावर पाय ठेवता येतो. (पकडायला धावलात की ती पळते आणि तो तिचा खेळ होतो.) रोज पाच मिनिटं खुराड्यापासून इतक्या लांब बसा, की तिला कोंबड्या दिसतील पण ती अजून तुमचं ऐकू शकेल. ती बघते, बघते, आणि कधीतरी कान तुमच्याकडे वळवते. त्याच क्षणी दाणा. बघण्याबद्दल रागवू नका; बघून सोडून देण्याबद्दल मोबदला द्या. अंतर कमी करायची घाई करू नका.

जाता जाता: कोंबड्यांवर तिला वळायचा सराव देऊ, असा मोह होईल. तो टाळा. ब्रिटनमध्ये नवशिक्या कुत्र्यांना बदकांवर शिकवतात, कारण बदकं घाबरली तरी एकमेकांना चिकटून एका गठ्ठ्याने चालतात. कोंबड्या दाही दिशांना उधळतात, झाडावर चढतात. त्यांच्यावर सराव केलेलं कुत्रं फक्त उधळवायला शिकतं.

मुलाच्या टाचांचं मनावर घ्या. ती त्याला वळते आहे, राग नाही त्यात, पण दात ते दातच. इथे अर्धं शिक्षण मुलाला द्यायचं. त्याला 'झाड' व्हायला शिकवा: चिंगी अंगावर आली की जागच्या जागी उभं राहायचं, हात घडी घालून छातीशी, नजर आकाशाकडे, तोंडातून आवाज नाही. झाडाला वळता येत नाही, त्यामुळे तिचा रस जातो. मग तुम्ही तिला गोणपाटावर बोलवा. मुलगा मित्रांबरोबर पळापळीचे खेळ खेळत असेल तेव्हा ती आतच. दोघांना एकत्र खेळायचं असेल तर लपंडाव उत्तम. मुलगा लपतो, तुम्ही 'शोध' म्हणता, ती नाकाने काढते आणि सापडल्यावर मुलगा तिला दाणा देतो. यात मुलगा स्थिर असतो आणि ती काम करते. दोघांचं नातं नीट बसतं. तिला मारणं, तोंड दाबून धरणं, नाकावर चापट, हे नको. मेगच्या स्वभावाचं कुत्रं माराने बिचकतं, आणि बिचकलेलं कुत्रं खरं चावतं. दातांचा ओरखडा आला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. घरचंच लस दिलेलं पिल्लू आहे म्हणून ते टाळू नका.

कडीसाठी शिकवणूक वगैरे काही नाही. खिट्टीच्या जागी दाबून उघडायचा आकडा लावा, शक्य असेल तर दाराच्या बाहेरच्या बाजूला आणि उंच.

शेजाऱ्यांच्या साखळीबद्दल. दिवसातून अर्धा तास बांधून शांत बसायला शिकवणं वेगळं आणि दिवसभर खुंट्याला ठेवणं वेगळं. दिवसभर बांधलेली बॉर्डर कॉली गोल गोल फिरायला लागते, सावल्यांच्या मागे लागते, स्वतःचे पाय चाटून सोलते. आणि रात्री बाहेर बांधणं तर तुमच्या भागात सरळ बिबट्याला आमंत्रण. अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला तेव्हा त्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांपेक्षाही. बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. अंधार पडायच्या आत चिंगी घरात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. धनगरांच्या कळपाबरोबर जी दणकट कुत्री दिसतात, त्यांचं काम मेंढ्या वळणं नाही, राखणं आहे. ती कळपातच वाढतात, रात्री मेंढ्यांमध्ये झोपतात, काहींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. मेंढ्या वळायला धनगर स्वतः असतो, त्याची हाळी आणि काठी असते. चिंगीकडून राखणीची अपेक्षा ठेवू नका, तिचा घाट तो नाही. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे कळप तुमच्या शिवारातून जात असतील, तर त्या वेळी तिला आत घ्या. ती मेंढ्यांवर नजर रोखेल आणि राखणीची कुत्री तिला लांडगा समजतील. त्यांच्या जागी ती बरोबरच असतील.

औषधांबद्दल थोडं लांबवतो, कारण शेळ्या आणि कॉली एकाच घरात असल्या की एक खास धोका असतो. शेळ्यांच्या जंतांवर आणि गोचिडांवर आयव्हरमेक्टिन सर्रास वापरलं जातं, आणि गावात कुत्र्याला खरूज झाली की त्यालाही तीच सुई मारतात. कॉलीच्या घराण्यात एमडीआर-१ नावाच्या जनुकातला दोष आढळतो. तो असलेल्या कुत्र्यात हे औषध मेंदूपर्यंत पोचतं. कुत्रं झोकांड्या देतं, आंधळं झाल्यासारखं होतं, बेशुद्ध पडतं, मरूही शकतं. लांब केसांच्या रफ कॉलीत हा दोष फार, बॉर्डर कॉलीत पुष्कळ कमी. पण आपल्याकडे विकली जाणारी पिल्लं किती शुद्ध असतात हे कागदावरून कळत नाही. गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा रक्तावरून जनुकाची चाचणी होते. ती होईपर्यंत दोष आहे असं धरूनच चाला. शेळ्यांना हे औषध दिल्यावर काही दिवस त्यांच्या लेंड्या चिंगीच्या तोंडी लागू देऊ नका (आणि ती लेंड्या खातेच, सगळीच पिल्लं खातात), सांडलेलं औषध पुसा. जुलाबावरचं लोपरामाइडही अशा कुत्र्यांना घातक ठरतं, तेव्हा घरातली माणसांची गोळी तिला देऊ नका. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी 'ही कॉली आहे' हे पहिलं वाक्य.

दुसरा धोका उलट्या दिशेने जातो, तिच्याकडून शेळ्यांकडे आणि तुमच्याकडे. बोकड कापला की फुफ्फुसं, काळीज, मुंडी कुत्र्याला कच्ची टाकायची पद्धत आहे. त्यातून पट्टकृमी तिच्या पोटात वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडली की एका जातीने शेळीच्या मेंदूत गाठ होते आणि ती मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरू लागते. दुसऱ्या जातीने माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. कच्ची आतडी-काळजं बंद, आणि जंताच्या औषधात प्राझिक्वांटेल आहे ना ते डॉक्टरांना विचारा. आतापर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यात का तेही बघा. रेबीजची दरवर्षी द्यायची.

गोचीड रोज संध्याकाळी कानात, बोटांच्या फटीत, बगलेत बघायची. आपल्याकडची बरीच 'अचानक खाणं सोडलं, ताप आला' प्रकरणं गोचीडतापाची निघतात आणि उशीर केला तर जिवावर बेततात. थिमेट, उंदराचं औषध कुलपात. उन्हाळ्यात तिचे केस भादरू नका, तो दुहेरी कोट उन्हापासूनही वाचवतो. फक्त विंचरून आतली मेलेली लव काढा. पावसाळ्यात साप. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय आला तर बांधाबांध, चिरा काही नको; उचलून, चालायला न लावता, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. तो दवाखाना कुठला, हे आज फोन करून ठरवून ठेवा.

आता शेळ्या. दहाव्या-बाराव्या महिन्याच्या आसपास, तीन गोष्टी जमत असतील तर सुरुवात करता येते. 'पड' म्हटल्यावर ती धावता धावता पडते. हाक मारली की कोंबड्यांसमोरूनही येते. आणि तिचे पाय शेळीपेक्षा वेगवान झालेत. हे तिसरं लोक विसरतात. जे पिल्लू शेळीला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही, ते मागेच राहतं, आणि मागे राहिलेलं पिल्लू पाठलाग शिकतं. सहा ते चौदा महिन्यांच्या मध्ये कधीतरी ती अचानक बहिरी झाल्यासारखी वागेल, ओळखीच्या बादलीला घाबरेल. ते वयाचं असतं. त्या आठवड्यांत नवं काही सुरू करू नका, आहे तेच सोपं करून घ्या. त्याच सुमारास तिचा पहिला माज येईल. त्याचे सुमारे तीन आठवडे ती पूर्ण बंदोबस्तात. गावातली कुत्री कुंपण मानत नाहीत. नसबंदी केव्हा, हे हाडांची वाढ पाहून डॉक्टरांशी ठरवा, घाई नको.

शेळ्या मेंढ्यांसारख्या वागत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. मेंढी घाबरली की इतर मेंढ्यांत शिरते. शेळी वळून बघते, आणि पिल्लू कच्चं आहे हे तिने ओळखलं की मान खाली घालून ढुशी देते. एकदा बरगडीत शिंग बसलेलं लहान पिल्लू पुढे कधी शेळीसमोर उभं राहत नाही. म्हणून व्यालेल्या आणि करडं पायाशी असलेल्या शेळ्या सरावात नकोत, तुमची सगळ्यात तापट उस्मानाबादीही नको. चार-पाच शांत शेळ्या निवडा आणि आधी काही आठवडे चिंगी दोरावर असताना त्यांच्याबरोबर नुसती चरायला न्या, म्हणजे त्यांनाही कुत्र्याची सवय होईल.

जागा पंचवीस-तीस पावलं रुंद, कुंपण घातलेली, जमलं तर कोपरे आडव्या बांबूंनी गोल केलेले. कोपऱ्यात शेळ्या अडकल्या की धडा बिघडतो. हातात वेळूची काठी, मारायला नाही, तुमचा हात लांब करायला. शेळ्या मध्ये, तुम्ही शेळ्या आणि चिंगीच्या मध्ये. तिला जाऊ द्या. तुम्ही एका बाजूला सरकलात की ती दुसऱ्या बाजूने जाईल, कारण तिला शेळ्यांच्या पलीकडे, तुमच्या बरोबर समोर पोचायचं असतं. घड्याळ डोळ्यांसमोर आणा: शेळ्या मध्यावर, तुम्ही सहावर, ती बारावर. तुम्ही सातवर गेलात की ती एकवर येते. हा तोल तिला कोणी शिकवत नाही. तो दिसला की तुमच्याकडे खरं वळणारं कुत्रं आहे असं समजा.

ती बारावर पोचली की 'पड'. पडली की तुम्ही मागे मागे चालायला लागा. शेळ्या तुमच्याकडे येतील, आणि चिंगीला उठवलंत तर ती त्यांना तुमच्या मागून आणेल. एवढंच पहिले काही आठवडे. पाच ते दहा मिनिटं, सकाळी आठच्या आत, आणि काम चांगलं चाललेलं असतानाच 'पुरे' म्हणून बंद. डावी-उजवीचे शब्द नंतर, ती आधीच त्या बाजूने जात असताना तोंडाने जोडायचे. ब्रिटनमधले मेंढपाळ घड्याळाच्या दिशेला 'कम बाय' आणि उलट दिशेला 'अवे' म्हणतात. तुम्ही कानाला अगदी वेगळे वाटतील असे कोणतेही दोन शब्द घ्या, फक्त घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे.

शेळीभोवती एक अंतर असतं. त्याच्या बाहेर कुत्रं असेल तर ती चरत राहते, काठावर आलं की चालू लागते, आत घुसलं की पळते किंवा उलटते. सगळी कला त्या काठावर राहण्याची. चिंगी आत घुसायला लागली की काठी तिच्या आणि शेळ्यांच्या मध्ये जमिनीवर टेकवून तिला बाहेर ढकला, आणि ती बाहेर वळली की लगेच मागे सरा. दाब सोडणं हेच तिचं बक्षीस. मागच्या पायाला एकदा निसटता चावा झाला तर आवाज करून थांबवा, आकांडतांडव नको. पाय दातांत धरून लोंबकळून राहायला लागली तर त्या दिवशी बंद, आणि पुन्हा महिनाभर गोणपाट.

एक स्पष्ट सांगतो. सात शेळ्यांना खरं तर कुत्रं लागत नाही. भरड्याची बादली वाजवली की त्या घरी येतात. त्यामुळे चिंगीला रोजचं असं काम द्या जे बादलीने होत नाही. सगळ्यात उपयोगी: गव्हाणीत चारा पडेपर्यंत शेळ्यांना मागे धरून ठेवणं. शेळ्या तुमच्या हाताखालून घुसतात, टोपली उलटवतात. त्या तीन मिनिटांत नजर रोखून उभी असलेली कुत्री फार मोलाची. तसंच फाटक उघडं असताना कोणी बाहेर जाऊ न देणं. सकाळी चरायला नेणं, संध्याकाळी परत आणणं. मिळून दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं होतील. उरलेल्या वेळात ती तुमच्या मागे मागे, दोर तुमच्या कमरेला, दूध काढताना गोणपाटावर.

आणि बारा-चौदा महिन्यांची होऊनही ती शेळ्यांकडे ढुंकून बघेना, तर जबरदस्ती करू नका. आपल्याकडची पुष्कळ पिल्लं प्रदर्शनात मिरवणाऱ्या घराण्यांतली असतात, त्यांच्यात नजर विरळ झालेली असते. चिंगीच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. उलट ती फार तीव्र निघाली आणि शेळ्या तिला तोंड देऊन उभ्या राहू लागल्या, तर चार दख्खनी मेंढ्या आणायचा विचार करा. त्या गठ्ठ्याने चालतात, नवशिक्या कुत्रीला आणि नवशिक्या माणसाला दोघांनाही सांभाळून घेतात, आणि शेळ्यांबरोबर त्याच गोठ्यात राहू शकतात.